नऊ महिने भोकरला आमदार नव्हता

महोदय,

अशोकराव चव्हाण भाजपमध्ये का गेले, यावर भरपूर लिहून आलं. मला लिहायचंय ते त्यांच्यामागे भोकर मतदारसंघाचं काय झालं याविषयी.

मी अर्धापूर तालुक्यातला केळी उत्पादक. २०१९ ला लोकसभेत साहेब पडले, तेव्हा आमच्याकडे चुलीवरच्या भाकरीही गोड लागल्या नाहीत. सहाच महिन्यांत विधानसभेला जवळपास ९७ हजारांचं मताधिक्य देऊन आम्ही त्यांना निवडून दिलं. पक्ष सोडणं नांदेडला नवं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साहेबांचे वडील शंकरराव चव्हाण यांनीही काँग्रेसबाहेर वेगळी चूल मांडली होती. आणि साहेबांनी आमदारकी सोडून पक्ष बदलला, हे मान्य केलंच पाहिजे.

पण तो राजीनामा १२ फेब्रुवारी २०२४ चा. सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घेण्याचं बंधन नसतं. ती झालीच नाही. २० फेब्रुवारीला विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं, त्या दिवशी भोकरची जागा रिकामी होती. त्याच दिवशी साहेब राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले!

पुढे २६ ऑगस्टला आमचे नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण वारले. तो दैवाचा घाला, त्याला कुणाचा इलाज नाही. पण आठवडाभरात, १ आणि २ सप्टेंबरला अतिवृष्टी झाली. पिकं पाण्यात, आणि आम्ही निवडून दिलेला ना आमदार, ना खासदार. साहेब राज्यसभेत होते हे खरं, पण ती जागा भोकरच्या मतांवर मिळालेली नव्हती. २३ नोव्हेंबरला साहेबांच्या कन्या श्रीजयाताई भाजपकडून निवडून आल्या, तेव्हा कुठे आम्हाला आमदार मिळाला.

पक्षांतर करून अपात्र ठरलेल्याला मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही, ही तरतूद २००३ च्या घटनादुरुस्तीत आहे. आधीच राजीनामा देणारा मात्र त्यातून मोकळा सुटतो. माझं म्हणणं असं की, पक्ष बदलण्यासाठी जागा सोडणाऱ्याला त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या सभागृहात जाता येऊ नये. आणि अशी रिकामी झालेली जागा, मुदत कितीही उरलेली असो, तीन महिन्यांत भरावी. खर्चाचं कारण कुणी सांगू नये.

साहेब आज स्वतः संसदेत आहेत. त्यांनीच असं अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याला मांडता येणारं) विधेयक मांडावं, ही त्यांच्या जुन्या मतदाराची विनंती.

– एक शेतकरी, ता. अर्धापूर, जि. नांदेड