जज कोण आहे? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

"मॅडम, जज कोण आहे?" शिवाजीनगरच्या कोर्टात पक्षकार पहिल्या तारखेला हे विचारतो. कलमाचं नंतर. आडनाव काय, गाव कुठलं, बाई की पुरुष, एवढ्यावर तो आपल्या केसचं भविष्य मांडतो. आम्ही वकील त्याला गप्प करतो आणि मग बार रूममध्ये जाऊन तीच चर्चा करतो.

न्यायाधीशाच्या खुर्चीत वेगवेगळ्या घरांतली माणसं यावीत, ही माझी मागणी. पण आधी तिच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी सांगते. काही अर्थतज्ज्ञांनी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदींवरून २०१० ते २०१८ मधले लाखो फौजदारी खटले तपासले. आरोपी आणि न्यायाधीश एकाच धर्माचे असले, किंवा दोघी बाया वा दोघे पुरुष असले, तर सुटण्याचं प्रमाण वाढतं का? एकंदरीत, नाही. मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लैंगिक हल्ला ठरत नाही, हा गाजलेला निकाल नागपूर खंडपीठातल्या महिला न्यायमूर्तींचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. अनुसूचित जातींमध्येही क्रीमीलेअर (आरक्षणातून वगळायचा सधन थर) शोधावा, असं २०२४ मध्ये लिहिणारे न्या. भूषण गवई स्वतः त्याच समाजातले. तेव्हा न्यायाधीश 'आपल्या माणसाला' झुकतं माप देतो, या हिशोबात फारसा दम नाही.

पण असे अभ्यास एका न्यायाधीशाची दुसऱ्याशी तुलना करतात. सगळ्यांच्याच डोक्यात एक समजूत पक्की असेल, तर फरक दिसणार कसा? समजूत मात्र शाबूत राहते.

मथुरा खटला आठवा. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, लोकांच्या घरी काम करणारी आदिवासी मुलगी, आणि तिच्यावर बलात्काराचा आरोप असलेले पोलीस. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती. रात्री ठाण्यात, वर्दीसमोर अशा मुलीचा आवाज फुटणारच नाही, हे तिथे कुणाला सुचलं नाही. पुढच्या वर्षी चार कायदेशिक्षकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या वसुधा धागमवार पुण्याच्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

इथेही एक अडचण आहे. शिक्षा देणारे नागपूरचे न्यायमूर्तीसुद्धा पुरुषच होते. मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये नेमल्या गेल्या. म्हणून सर्वोच्च न्यायालयात बाई असती तर निकाल फिरला असता, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या खुर्चीतून "ती ओरडणार कशी?" असं विचारणारं कुणीतरी असण्याची शक्यता वाढली असती, इतकंच. अपिलात तेवढंही पुष्कळ असतं.

आज परिस्थिती काय? २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६ आणि ओबीसी ८९, असं उत्तर केंद्राने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलं. उच्च न्यायालयांसाठी नावं सुचवणाऱ्या कॉलेजियमवर, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळावर, तुमचं काही चालत नाही, मान्य. पण तालुक्याच्या कोर्टातला जेएमएफसी, म्हणजे पहिल्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी, एमपीएससीतून येतो, आरक्षणासकट. आणि सामान्य माणसाला कोर्ट भेटतं ते बहुधा तिथेच.

तो दरवाजा आता अरुंद होतोय. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी किमान तीन वर्षं वकिली हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. अनुभवाला माझा विरोध नाही. कधी कोर्ट न पाहिलेल्या न्यायाधीशासमोर उलटतपास घेणं काय असतं, ते आम्हालाच विचारा! पण ही तीन वर्षं पुण्यात काढायची कशी? कॉटभाडं, मेस, क्लास. आणि सीनिअरकडून मिळालाच तर पेट्रोलचा खर्च. वडिलांचं ऑफिस असलेल्या मुलाला चिंता नाही. नंदुरबारहून आलेली, घरात पहिल्यांदाच काळा कोट घातलेली मुलगी मात्र वर्षभरात एखाद्या कंपनीत नोकरी धरते आणि परीक्षेच्या यादीतून न बसताच गळते. तिला कुणी नापास केलेलं नसतं, त्यामुळे तिची नोंदही कुठे होत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन घातलं नाही. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये नव्या वकिलांना महिना ५,००० रुपये द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्राने कौटुंबिक उत्पन्न पाहून पहिली तीन वर्षं विद्यावेतन द्यावं, आणि ते सीनिअरच्या हातून नव्हे, थेट खात्यात.

दुसरं, उच्च न्यायालयाशी बोलून जिल्हा न्यायव्यवस्थेचे आकडे दरवर्षी जाहीर करा: महिला किती, कोणत्या प्रवर्गातले किती, घरातले पहिलेच वकील किती. नावं नकोत. वर सांगितलेल्या अभ्यासकांना न्यायाधीश बाई की पुरुष हेसुद्धा नावावरून ताडावं लागलं होतं.



जेएमएफसीची पुढची जाहिरात निघण्याआधी या दोन्ही गोष्टींवर आपल्या विभागाचं उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक पुणेकर
शिवाजीनगर, पुणे