बाबा, डोकं चालतं तुमचं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा बाबा फोनवर म्हणाले, "हे नव्या मोबाइलचं आता आमच्याच्यानं होत नाही. डोकंच चालत नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. बोलायला लागले की तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून सरळ लिहायलाच बसले.

बाबा, मला हे अजिबात मान्य नाही.

आई, तुझा बटणांचा मोबाइल आठव. 'एस' हवा असेल तर सातचं बटण चार वेळा दाबायचं. तू ते फोनकडे न बघता करायचीस! पाचच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असायचा. अंगठा त्यावर टेकला की बाकीची बटणं आपोआप सापडायची. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० जगभरात २५ कोटींच्या वर खपला. त्याला ना कॅमेरा, ना इंटरनेट. पण एक टॉर्च होता आणि अंधारातही हाताला कळतील अशी बटणं होती. तुम्ही दोघांनी ते सगळं कुणी न शिकवता आत्मसात केलंत.

मग ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सनं पहिला आयफोन दाखवला. साडेतीन इंची काच आणि समोर एकच बटण. पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला निदान सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड तरी होता, पण काही वर्षांत बहुतेक फोनवरून तोही गेला. काचेवर अंगठ्याला चाचपायला काही नाही. आत्ता जिथे 'उत्तर द्या' आहे, तिथेच क्षणात दुसरं काहीतरी येतं. बोटांनी पाठ केलेलं सगळं एका फटक्यात वाया गेलं, दर वेळी डोळ्यांनी शोधणं आलं.

फोन बनवणारे तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पडद्यावरची बटणं आधी उठावदार, सावली असलेली दिसायची. २०१३ मध्ये ॲपलनं ती सपाट करून टाकली. कुठला शब्द दाबायचा आणि कुठला नुसता वाचायचा, हे ओळखणं अवघड झालं. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ते उरलेलं एक बटणही गेलं. आता खालून वर बोट सरकवायचं, आणि हे पडद्यावर कुठेही धड लिहिलेलं नसतं. दर वेळी तुम्ही शिकलात आणि दर वेळी या कंपन्यांनी ते शिकलेलं मोडीत काढलं. यात तुमच्या डोक्याचा काय दोष?

आणि बाबा, तुमच्या बोटाचं. ही काच दाब ओळखत नाही. तिच्यावर अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असतं, बोट जवळ आलं की ते बदलतं आणि फोनला स्पर्श कळतो. वयानं बोटांची कातडी कोरडी होते, कोरड्या कातडीतून वीज कमी वाहते, म्हणून कधी कधी काचेला तुमचं बोट कळतच नाही. मग तुम्ही जोर लावून दाबून धरता. फोनला वाटतं, मुद्दाम धरून ठेवलंय, आणि तो भलताच मेनू उघडतो. बोट किंचित ओलसर करून हलकेच टेकवा आणि लगेच उचला. फरक पडेल.

मला राग येतो तो याचा, की हे सुधारता येतं. २००९ मध्ये आयफोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी व्हॉइसओव्हरची सोय आली आणि अजिबात न दिसणारी माणसंसुद्धा ही गुळगुळीत काच वापरू लागली. मनावर घेतलं की होतं! मग सत्तरीतल्या बोटांचा विचार करून ठेवलेल्या सोयी सेटिंग्जच्या तळाशी का लपवायच्या?

मी आले की अक्षरं मोठी करून देईन. 'स्पर्श करून धरण्याचा वेळ' वाढवायची सोयही असते, तीही लावू. आई, तोवर एक कर. जिथे अडेल ते कागदावर लिहून ठेव. नुसतं 'जमलं नाही' नको, कुठे बोट लावलं आणि काय उघडलं ते नेमकं लिही. बाबांनाही लिहायला सांग, ते टाळतील.

तुमची लेक