कोरिंथचा दूत आणि माझ्या कापलेल्या ओळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ग्रीक शोकांतिकेवरचा लेख वाचला. ‘दूत येतो, लांबलचक बोलतो आणि नाटक तिथेच थांबते’ हे वाक्य वाचता वाचता हातातला चहा निवला. लेखकमहाशय विद्वान आहेत, वाद नाही. पण सोफोक्लीजच्या ‘इडिपस’मधला कोरिंथचा दूत त्यांना आठवतो का?

मला आठवतो, कारण तो मीच होतो. तीसेक वर्षांपूर्वी, एका हौशी स्पर्धेत. हा म्हातारा बक्षिसाच्या आशेने गोड बातमी आणतो: तुझा बाप पॉलिबस वारला, कोरिंथचे राज्य आता तुझे. ‘तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील’ असे भाकीत इडिपसच्या मानगुटीवर असते; बाप आपल्या हातून मेला नाही म्हणून त्याला हायसे वाटते, पण आईबद्दलची धास्ती राहतेच. ती घालवायला दूत भाबडेपणाने सांगून बसतो की मेरोपी तुझी आई नव्हेच, कीथैरॉनच्या डोंगरात एका मेंढपाळाने तुला माझ्या हाती दिले, घोटे टोचलेले होते. झाले! त्याची राणी योकास्टा हिला तिथेच उमगते की आपणच त्याची आई. ती ‘पुढे विचारू नकोस’ म्हणून विनवते आणि आत निघून जाते. धीर द्यायला आलेला माणूस घर बुडवतो. कलाटणी म्हणजे काय, हे सांगताना अ‍ॅरिस्टॉटल हाच प्रसंग देतो. आणि म्हणे नाटक थांबते!

आमच्या दिग्दर्शकांचेही मत लेखकांसारखेच. ‘लांबण नको’ म्हणत त्यांनी डोंगराची सगळी हकिगत कापली, मला एक वाक्य ठेवले: ‘पॉलिबस वारला.’ वाचलेल्या वेळात इडिपसने रंगमंचावरच डोळे फोडले, वाटीभर आळत्यासह. (मूळ नाटकात ते आतून आलेला दुसरा दूत फक्त सांगतो, आणि अंगावर काटा येतो.) मागच्या रांगांत हशा. परीक्षकांचा शेरा: ‘नायकाला सत्य कसे कळले, ते समजत नाही.’ समजेल कसे? ते माझ्या कापलेल्या ओळींत होते.

आणि ते ‘अ‍ॅरिस्टॉटलचे तीन ऐक्यांचे नियम’ (एकच कृती, एकच दिवस, एकच स्थळ) आता पुरे. त्याचा आग्रह कृतीच्या ऐक्याचा. सूर्याच्या एका फेऱ्याचा उल्लेख तो ओझरता करतो, स्थळाबद्दल तर चकार शब्द नाही. तो नियम १५७० साली इटालियन समीक्षक कास्तेलवेत्रोने बसवला. एस्किलसचे ‘युमेनिडीज’ डेल्फीत सुरू होऊन अथेन्सला पोचते. ते ज्या नाट्यमालेतले, तिला इ.स.पू. ४५८ मध्ये पहिले बक्षीस मिळाले. आम्हाला उत्तेजनार्थही नाही.

आपला,
एक माजी दूत

ता.क. शब्दकोड्याचे उत्तर सलग दोन रविवार छापलेले नाही. तेही लांबण म्हणून कापले का?