तळेगावची गाडी, मेक्सिकोचं गिऱ्हाईक

तळेगाव दाभाडे

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. भाच्याला इथल्या ह्युंदाईत पाठवू का, असं विचारलंस आणि वर टोमणाही मारलास, की कामगार स्वस्त म्हणून या कंपन्या इथे येतात. अरे, नुसती मजुरीच बघायची तर चाकण-तळेगावपेक्षा स्वस्त जिल्हे देशात पुष्कळ सापडतील. इथे ओढ आहे ती हाकेच्या अंतरावरच्या, सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांची, एक्स्प्रेसवेची आणि बंदराची. सवलती काय, सगळीच राज्यं देतात.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सचं बघ ना. आता ह्युंदाईकडे आहे तो इथला कारखाना त्यांनीच २००८ मध्ये सुरू केला. २०१५ मध्ये भारतात आणखी एक अब्ज डॉलर घालतो म्हणाले आणि मे २०१७ मध्ये तो बेत गुंडाळून आपल्या शेवरले गाड्यांची इथली विक्रीच बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी युरोपातली ओपेल विकली, दक्षिण आफ्रिकेतूनही काढता पाय घेतला. तळेगावच्या लाईनवर कोणी कमी पडलं म्हणून हे झालं नाही. डेट्रॉईटच्या मुख्यालयात साऱ्या जगाचा हिशेब मांडला आणि नफा दिसेना तिथे काट मारली, बस्स.

तरी गुजरातमधला हलोलचा कारखाना विकला आणि तळेगावचा ठेवला. का? तर इथली बीट ही छोटी शेवरले गाडी मेक्सिकोत खपत होती! पुढची तीन वर्षं आपली पोरं अशी गाडी बनवत होती, जी पुण्याच्या शोरूममध्ये मिळतच नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं.

कारखाना घ्यायला चीनची ग्रेट वॉल ही मोटार कंपनी तयार होती, सौदाही ठरला होता. पण एप्रिल २०२० मध्ये चीनसारख्या शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक घडली. परवानगी काही आली नाही. २०२२ मध्ये सौदा बारगळला आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईने करार केला. आम्हालाही सामावून घ्या म्हणत जुने कामगार उपोषणाला बसले. इमारत आणि यंत्रांना गिऱ्हाईक मिळतं रे, माणसांचं कलम करारात कोण घालतो?

भाच्याला पाठव. ह्युंदाईला मुख्यतः भारतातच गाड्या विकायच्या आहेत, चेन्नईजवळचा कारखाना पुरेना म्हणून तर ती इकडे आली. फक्त त्याला सांग, जमलं तर मेंटेनन्स किंवा टूल रूम, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा विभाग, धर. ते काम चाकणच्या कुठल्याही कंपनीत चालतं. खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहू दे, हिला मी सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय