कॉम्प्युटर बदलण्याआधी आम्हाला विचारा : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई ४०००३२

विषय : अंध कर्मचाऱ्यांचे संगणक आणि स्क्रीन रीडर बदलताना पाळायच्या कार्यपद्धतीबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनपैकी अनेकांवर ते चढतच नाही, म्हणून मशीनच बदलावी लागते. त्यामुळे ठिकठिकाणी जुने संगणक निर्लेखित होऊन नव्यांची नोंद जडसंग्रह वहीत (कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीत) होते आहे. व्हायलाच हवी. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर शासकीय काम करू नये, हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे या बदलाच्या पद्धतीबद्दल आहे, कारण त्या पद्धतीत अंध कर्मचारी कुठेच नाही.

मी पूर्णतः अंध आहे. एका अनुदानित संस्थेच्या कार्यालयात लिपिक म्हणून काम करते. आवक-जावक, पत्रव्यवहार, टिपण्या, वेतनदेयकांची माहिती भरणे हे माझे रोजचे काम. ते सगळे मी स्क्रीन रीडरच्या मदतीने करते. पडद्यावर जे असते ते हे सॉफ्टवेअर बोलून सांगते. माऊस मी वापरत नाही, सगळे कीबोर्डवरून चालते. गेली कित्येक वर्षे मी 'जॉज' हा सशुल्क स्क्रीन रीडर वापरत होते. माझे टेबल कुणाच्या टेबलापेक्षा मागे राहिलेले नव्हते.

एका सोमवारी कार्यालयात गेले तर टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. "मॅडम, एकदम फास्ट आहे बघा," असे एका सहकाऱ्याने आनंदाने सांगितले. त्याचा आनंद खरा होता. दुपारपर्यंत बाकी सगळ्यांची कामे सुरू झाली. माझे मशीन मात्र गप्प. जॉज नाही, त्याचे लायसन्स कुठल्या फायलीत आहे ते कुणाला ठाऊक नाही आणि जुने मशीन फॉरमॅट होऊन गेलेले. सॉफ्टवेअर टाकायला लागणारा ॲडमिन पासवर्ड बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो येणार त्याच्या सवडीने. माझ्या फायली शेजारच्या टेबलावर गेल्या. "तोवर तुम्ही फोन घ्या," असे मला सांगण्यात आले.

महोदय, या वाक्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण परीक्षा देऊन, निवड होऊन मिळवलेले काम एका मशीनच्या अदलाबदलीत हातातून जाते आणि ते कुणाला खटकतही नाही, याचे दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही.

आता थोडे तपशिलात सांगते, कारण "एक सॉफ्टवेअर टाकायचे, त्यात काय एवढे" असे बहुतेकांना वाटते.

जॉज लायसन्सशिवायही सुरू होतो, पण एका वेळी फक्त ४० मिनिटे. मग तो थांबतो आणि पुन्हा हवा असेल तर संपूर्ण संगणक बंद करून सुरू करावा लागतो. अर्धवट टिपणी, उघडलेली नस्ती, भरत आलेला फॉर्म सगळे दर ४० मिनिटांनी आवरून ठेवायचे. शिवाय लायसन्स त्या-त्या मशीनवर ॲक्टिव्हेट करावे लागते आणि ही ॲक्टिव्हेशन मोजकीच मिळतात. जुने मशीन फॉरमॅट करण्याआधी याचा विचार केला नाही तर पुढच्या वेळी अडतेच. ही साधी गोष्ट मशीन बदलणाऱ्याला कुणी सांगितलेली नसते.

दुसरा मोठा स्क्रीन रीडर म्हणजे 'एनव्हीडीए'. तो मोफत आहे आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या जगभरच्या अंधांना या दोघांनी कॉम्प्युटर उघडून दिला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. आज मी हे पत्रही एनव्हीडीएवरच लिहिते आहे. तो पेनड्राइव्हवरूनसुद्धा चालतो. पण बऱ्याच कार्यालयांत सुरक्षेसाठी यूएसबी बंद केलेले असते. ते उघडे असले तरी, विंडोज ॲडमिनची परवानगी मागणारी चौकट पुढे आणते तेव्हा पेनड्राइव्हवरचा एनव्हीडीए ती वाचू शकत नाही. तो रीतसर इन्स्टॉल केलेला असावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा तोच ॲडमिन पासवर्ड.

"एनव्हीडीए फुकट आहे, मग जॉजवर खर्च कशाला?" हा प्रश्न मला बैठकीत विचारला गेला. तो अनेक कार्यालयांत विचारला जात असणार, म्हणून त्याचे उत्तर इथे नीट देते. दोन्ही स्क्रीन रीडर चांगले आहेत, पण ते एकसारखे नाहीत. जॉजमध्ये नमपॅडवरचा, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या भागातला, २ दाबला की मी खालच्या ओळीवर जाते. एनव्हीडीएमध्ये तोच २ दाबला की जिथे आहे तिथले एक अक्षर वाचले जाते. जॉजमध्ये इन्सर्ट आणि एफ६ दाबले की वेबपानावरच्या शीर्षकांची यादी उघडते. एनव्हीडीएमध्ये ती यादी इन्सर्ट आणि एफ७ खाली, वेगळ्या चौकटीत आहे. वाचताना अशा गोष्टी किरकोळ वाटतील. पण मी की आठवून दाबत नाही, बोटे आपसूक जातात. वर्षानुवर्षे हातात बसलेली लकब एका दिवसात पुसता येत नाही. रोज डावीकडून गाडी चालवणाऱ्याला एकदम उजवीकडून चालवायला लावावे आणि वर "लवकर पोचा" म्हणावे, तसे हे आहे. सॉफ्टवेअरची किंमत शून्य असली तरी ते शिकण्याचा वेळ शून्य नसतो, आणि तो वेळ सध्या कर्मचारी स्वतःच्या झोपेतून काढतो.

त्यात कीबोर्ड बदलला की आणखी पंचाईत. नवी मशीन आली ती सुटसुटीत कीबोर्ड घेऊन. त्याला वेगळा नमपॅडच नाही. इन्सर्ट कोपऱ्यात, दुसऱ्या कीबरोबर एकत्र केलेला. एफ कीज दाबल्या की आवाज कमी-जास्त होतो, कारण आधी एफएन दाबायला हवा. डोळस माणसाला छोटा कीबोर्ड म्हणजे टेबलावर थोडी जास्त जागा. स्क्रीन रीडरच्या बऱ्याच आज्ञा मात्र नमपॅड, इन्सर्ट आणि एफ कीजवर असतात. बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा पूर्ण आकाराचा कीबोर्ड दिला तर हा प्रश्न संपतो. तो मागण्यासाठीही मला लेखी अर्ज करावा लागला.

जुन्या मशीनबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती जडसंग्रहात नोंदलेली नसते. अनेक सॉफ्टवेअरमधल्या चित्रांच्या बटनांना नाव दिलेले नसते, आणि तिथे स्क्रीन रीडर नुसते "बटन, बटन, बटन" असे बोलतो. मी एकेक बटन दाबून, काय होते ते पाहून, त्यांना जॉजमध्ये नावे दिली होती : 'जतन करा', 'मागील महिना', 'देयक छापा'. चुकीचे उच्चारले जाणारे गावांचे आणि आडनावांचे शब्द उच्चारकोशात दुरुस्त करून ठेवले होते. कोणत्या कामात आवाजाचा वेग किती, विरामचिन्हे वाचायची की नाही, तेही ठरवून ठेवले होते. ही सगळी सेटिंग्ज एका फोल्डरमध्ये असतात आणि फॉरमॅट करण्याआधी काही मिनिटांत पेनड्राइव्हवर घेता येतात. माझी घेतली गेली नाहीत. आणि स्क्रीन रीडरच बदलला तर ती तशीच्या तशी दुसरीकडे चालतही नाहीत, नव्याने बसवावी लागतात.

मराठीचा प्रश्न यात वेगळा आहे. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो, पण यांत्रिक वाचतो. कानाला सवय व्हायला वेळ लागतो. हिंदी आवाजावर मराठी मजकूर टाकला तर च, ज, झ यांचे मराठी उच्चार जातात आणि वाक्याचा सूरच परका होतो. शुद्धलेखन तपासताना तर फार जपावे लागते. 'पाटील' आणि 'पाटिल' ऐकायला एकच. वेलांटी कोणती हे कळण्यासाठी बाणाच्या कीने एकेक अक्षर पुढे जावे लागते. एका आवाजात ती नीट सांगितली जाते, दुसऱ्यात गिळली जाते. सेवापुस्तकातल्या नावात चूक झाली तर त्या कर्मचाऱ्याला पुढे निवृत्तिवेतनापर्यंत त्रास. म्हणून नवा आवाज बसवल्यावर काही आठवडे मी प्रत्येक पत्र दोनदा तपासत होते, तेही घरी नेऊन. त्यातच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली येतात. युनिकोड (संगणकावर अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत) नसलेला तो मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला ती रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी असते. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे तर नुसते चित्र.

महोदय, कायदा आमच्या बाजूने स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयीसुविधा आणि अडथळामुक्त वातावरण दिलेच पाहिजे. या कायद्यातल्या शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. कलम ३४ प्रमाणे किमान ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आरक्षणातून माणूस खुर्चीपर्यंत पोचतो. पण खुर्चीसमोरचे मशीन त्याच्याशी बोलत नसेल तर त्या नेमणुकीचा उपयोग काय?

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. आता आमचे गाऱ्हाणे मांडायला हक्काचे दार आहे असे वाटले. म्हणून हे पत्र आपल्याला.

आपल्या विभागाने माहिती तंत्रज्ञान विभागाला बरोबर घेऊन एक शासन निर्णय काढावा. संगणक खरेदीचा प्रस्ताव तयार करतानाच आस्थापनेवरच्या अंध आणि अल्पदृष्टी कर्मचाऱ्यांना लेखी विचारले जावे की, कोणता स्क्रीन रीडर, कोणता कीबोर्ड, कोणता आवाज लागेल. त्याची तरतूद त्याच खरेदीत व्हावी, नंतरच्या वेगळ्या प्रस्तावात नाही. वेगळा प्रस्ताव म्हणजे वर्ष गेले, हा आमचा अनुभव आहे. स्क्रीन रीडर कोणता ते कर्मचाऱ्याने ठरवावे. मोफत आहे म्हणून एखादा लादू नये आणि महाग आहे म्हणून दुसरा नाकारू नये. नवे मशीन त्याच्या सगळ्या कामांसह चालते आहे असे तो स्वतः सांगेपर्यंत जुने मशीन टेबलावरून हलवू नये. ही एक गोष्ट जरी झाली तरी अर्धा त्रास वाचेल, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

स्क्रीन रीडर बदलावा लागलाच तर तो शिकण्यासाठी कार्यालयीन वेळेत तास मिळावेत आणि त्या काळातला कामाचा वेग गोपनीय अहवालात कर्मचाऱ्याविरुद्ध धरला जाऊ नये. शिकवण्यासाठी अनुभवी अंध प्रशिक्षकांनाच बोलवावे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले केंद्र २००३ पासून अंधांसाठी तंत्रज्ञानाचे काम करते आहे, तिथल्यासारखा अनुभव जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवता येईल. एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दूरच्या मशीनवर मदत करण्याची सोय त्यातच आहे, म्हणजे गडचिरोलीतल्या लिपिकाला मुंबईतला प्रशिक्षक प्रवास न करता मदत करू शकेल. फक्त कार्यालयाच्या नेटवर्कवर या सोयीला परवानगी हवी.

आणि मराठीसाठी एक चांगला, नैसर्गिक, मोफत आवाज शासनाने तयार करून घ्यावा, जो विंडोजवरच्या कोणत्याही स्क्रीन रीडरला जोडता येईल. राज्यभाषेत काम करण्याचा आग्रह शासनाचाच आहे. तो आम्हालाही पाळायचा आहे.

नव्या आर्थिक वर्षातल्या खरेदीचे प्रस्ताव तयार होण्याआधी हा निर्णय झाला तर ज्यांची मशीन अजून बदललेली नाहीत, त्यांच्यावर ही वेळ येणार नाही. शासन निर्णयाचा मसुदा करताना राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या अंध कर्मचाऱ्यांना बैठकीला बोलवावे आणि मसुदा युनिकोडमध्ये, वाचता येईल अशा स्वरूपात आधी पाठवावा. आम्ही तो वाचून, सूचना लिहून येऊ.

आपली विश्वासू,
एक अंध लिपिक