आईचा वॉकर घेऊन चाललेल्या आर्किटेक्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

किल्ल्या हातात दिल्यात त्या दिवशी मी घाईघाईत 'थँक्यू' म्हणालो आणि तुम्ही हसून गाडीत बसलात. ते पुरेसं नव्हतं, हे मला रोज संध्याकाळी जाणवतं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समुद्रकाठी घर बांधायला निघालेल्या कुणाची आमच्यासारखी दोन वर्षं वाया जाऊ नयेत.

तुमच्याआधी आम्ही दोन आर्किटेक्टांकडे जाऊन आलो होतो. पहिल्यांनी जागा न बघताच चित्र समोर ठेवलं: पश्चिमेला, समुद्राच्या बाजूने, जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच. दुपारच्या उन्हाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, एसी वाढवू. 'आत आणि बाहेर एक झालं पाहिजे' हे त्यांचं पालुपद होतं, आणि त्यांच्या सरकत्या दाराची खालची पट्टी चार इंच उंच होती. आई वॉकर घेऊन चालते, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कुणीतरी हात धरेलच की त्यांचा." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. दुसऱ्यांना समोरची वाळूची टेकडी सपाट करून हवी होती, व्ह्यू मोकळा व्हावा म्हणून. वादळात लाटांचा पहिला मार तीच टेकडी झेलते, आणि तिची वाळू मर्यादवेल धरून ठेवते, हे आम्हाला तुम्ही सांगितलंत. घर टेकडीच्या मागे घेतलंत आणि त्या वेलीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून पहिल्याच दिवशी दोरी बांधलीत.

त्या दिवशी तुम्ही कागद काढलाच नाही. अंधार पडेपर्यंत जागेवर बसून राहिलात. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून दिवसा वारा समुद्रावरून येतो आणि रात्री उलटा फिरतो. तेव्हा खिडक्या दोन्ही अंगांना हव्यात, एका बाजूला खाली आणि समोर छताजवळ, हे तिथेच ठरलं. आणखी एक गोष्ट तुम्ही म्हणालात, ती मला तेव्हा पटली नव्हती: समुद्रासमोर बसायची सगळ्यांना हौस असते, पण वारा आणि वाळू तासाभरात माणसाला आत पाठवतात, म्हणून खरी बसायची जागा घराच्या आडोशाला हवी. आज आमचा सगळा दिवस त्या मागच्या चौकात जातो. समोरची दारं उघडी असली की घरातून आरपार समुद्र दिसतो, आणि अंगावर वाळू येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते जोतं भरून झाल्यानंतरच्या एका दुपारबद्दल. पाऊस भुरभुरत होता. चौकटी यायच्या होत्या. तुम्ही दाराच्या जागी एक फळी आडवी टाकलीत आणि आईला विचारलंत, "तुमचा वॉकर जरा घेऊ का?" मग आईच्या उंचीइतक्या वाकून तुम्ही त्या फळीवरून दहा-बारा वेळा आतबाहेर केलंत. अर्ध्या इंचाच्या फळीलाही पुढची चाकं अडत होती. "अर्धा इंचसुद्धा नको," म्हणालात. फळी जमिनीशी एकसारखी बसवून घेतलीत आणि आईला चालायला सांगितलंत. मी सवयीने तिचा हात धरायला पुढे झालो, तुम्ही मला थांबवलंत. स्वतः त्या चिखलात उकिडव्या बसलात आणि फळी दोन्ही हातांनी दाबून धरलीत, ती हलू नये म्हणून. आई एकटी गेली आणि एकटी परत आली.

पाणी आत येईल, असं मिस्त्री म्हणत होते. तुम्ही वळचण पाच फूट पुढे काढलीत, दार भिंतीत आत घेतलंत, बाहेरच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिलात आणि दारालगत जाळीची पन्हळ ठेवलीत. पावसाची झड अजून आत आलेली नाही. जोतं 3 फूट उंच, आणि उतार 1 फूट उंचीला 12 फूट लांब हवा, म्हणजे 36 फुटांचा रॅम्प. तो तुम्ही चौकाभोवती छपराखालून फिरवलात, मध्ये टेकायला सपाट जागा ठेवलीत. येणाऱ्याला तो रॅम्प आहे हे कळतही नाही.

आमच्या जुन्या घराच्या स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडायचे. खारी हवा सळईपर्यंत पोचते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं, हे कारण आम्हाला पहिल्यांदा तुमच्याकडून समजलं. बिजागऱ्यांसाठी तुम्ही 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा हट्ट धरलात. त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खाऱ्या हवेत जास्त तग धरतं. त्याचा जास्तीचा खर्च आधीच स्पष्ट सांगितलात, आणि तरीही ते अधूनमधून गोड्या पाण्याने पुसायला बजावलंत.

कसबी माणसं मला बरीच भेटली आहेत. समोरच्याच्या जागी जाऊन उभं राहणारी फार थोडी. टिकाऊ, निसर्गाला धरून असलेलं घर म्हणजे काय, याचा मी विचार करतो तेव्हा मला साहित्याआधी तुमचा हा स्वभाव आठवतो. वेलीच्या बाजूने बघितलंत, वाऱ्याच्या बाजूने बघितलंत, आईच्या पायांच्या बाजूने बघितलंत. यासाठी कुणी तुम्हाला वेगळी फी देत नाही. अशी माणसं आपल्या वाट्याला येतात तेव्हा ते मोठ्याने सांगायला हवं असं मला वाटतं, म्हणून सांगतोय.

परवा चारच्या सुमाराला आई खोलीत दिसली नाही. मी घाबरून सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. ती चौकात बसली होती. कुणाला हाक न मारता, कुणाचा हात न धरता गेली होती. मी शेजारच्याच खोलीत होतो आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

तुमचा,
आईचा मुलगा

ता. क. कासवाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर उजेडाकडे वळतात, म्हणून समुद्राच्या बाजूचे सगळे दिवे तुम्ही पिवळसर आणि खाली तोंड केलेले सांगितले होते. इलेक्ट्रिशियनने कोपऱ्यातल्या खांबावर एक पांढरा लावला होता. जाताना तुम्ही त्याच्याकडे दोनदा पाहिलंत, पण बोलला नाहीत. तो काल बदलला.