केसपेपरवर कामाचा रकाना हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मालकाने ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करून द्यावी, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. मात्र ही संहिता सर्वसाधारणपणे १० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायचे तर तिथे किमान २० कामगार असावे लागतात. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली ज्या छोट्या शेडमध्ये टॉवेल आणि चादरी विणल्या जातात, तिथे एका पाळीला तीन-चार माणसे असतात. आणि घरी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बाईच्या घराला तर कोणीच कारखाना म्हणत नाही. या शहराचे नाव ज्यांच्या हातांवर चालते, त्यांतले बहुतेक हात या तपासणीच्या बाहेर राहण्याचा संभव आहे.

तरीही माझी मुख्य तक्रार कायद्याबद्दल नाही. आपल्या शहरातल्या कामगाराला कामामुळे नेमके काय होते, याची सलग आणि विश्वासार्ह नोंद ठेवण्याची सोयच आपण केलेली नाही, आणि ती नसताना कोणतीही तपासणी कागदापुरतीच राहील, असे मला वाटते.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर अग्निसुरक्षेची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी कामामुळे सुमारे ३० लाख माणसे मरतात, आणि त्यांतले २६ लाख मृत्यू आजारांमुळे होतात. अपघातांचा वाटा सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. अपघाताचा पंचनामा होतो. पंचवीस वर्षे माग चालवून घरी बसलेल्या माणसाच्या छातीचा किंवा कानांचा पंचनामा कोणी करत नाही.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली सहकारी वैद्यांना सांगितले होते की, रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारावा: तू काम काय करतोस? रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी करताना मी असंख्य केसपेपर हाताळले. व्यवसायाच्या रकान्यात एक तर काहीच लिहिलेले नसे, नाही तर ‘मजुरी’ एवढा एकच शब्द असे. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाई. खोकला म्हटले की क्षयाची तपासणी होई, ती करणे रास्तच होते. पण क्षय नाही असे ठरल्यावर खोकल्याचे औषध देऊन विषय संपत असे. यात डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही, कारण सकाळच्या ओपीडीतली रांग ज्याने पाहिली आहे तो तसा दोष देणार नाही. फॉर्मच तसा असेल, तर लिहिणाराही तेवढेच लिहील.

मागाच्या शेडमधल्या आवाजाचेच उदाहरण घेऊ. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा धोट्याने इकडून तिकडे नेणाऱ्या, मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो, हे ठिकठिकाणच्या मोजण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था त्याहून कडक, म्हणजे ८५ डेसिबलची मर्यादा सुचवते. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलमागे आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये विनासंरक्षण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पाळी बारा तासांची असते. या आवाजाने ऐकू येणे एकदम बंद होत नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात, त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द नीट कळत नाहीत, आणि घरचे म्हणतात की लक्ष देत नाही. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. म्हणूनच सुरुवातीचा टप्पा श्रवणचाचणीत पकडणे हाच काय तो मार्ग उरतो.

यावर कानात बोळे घाला, असा सल्ला दिला जातो. मागवाले तो मानत नाहीत आणि त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे: धागा तुटला, धोटा अडकला, तर ते आधी आवाजावरून कळते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या शेडमध्ये धुळीसाठी तोंडाला मास्क लावून दाखवा, असे आव्हानही ते देतात, आणि ते मी तरी स्वीकारणार नाही. व्यावसायिक आरोग्याचे शास्त्रही हेच सांगते की धोका आधी मुळाशी कमी करावा, म्हणजे यंत्र बदलावे, त्याची देखभाल करावी, आवाज शोषणारे छत किंवा आडोसा करावा. कामाच्या वेळा आणि पाळ्या त्यानंतर, आणि अंगावर घालायची साधने सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो, कारण बोळे स्वस्त असतात.

धुळीबाबत मात्र थोडे सावधपणे बोलायला हवे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचा मुख्य धोका सूतगिरणीत असतो, विशेषतः कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत. अमेरिकेने १९७८ साली जे नियम केले, त्यांत सूत तयार करण्याच्या कामासाठी हवेच्या घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम, तर विणकामासाठी ७५० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा ठेवली होती. सोलापुरातल्या जुन्या कापड गिरण्या केव्हाच बंद पडल्या. त्यामुळे आजच्या टॉवेल कारखान्यात बिसिनोसिस किती असेल, हे गिरण्यांच्या अभ्यासांवरून परस्पर ठरवता येणार नाही. इथेच मोजावे लागेल. या आजाराची खूण ठरलेली आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत बरे वाटते. म्हणून त्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा फुंकर-चाचणी, म्हणजे जोरात फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, घ्यावी लागते. शिबिर भरवून कोणत्याही रविवारी केलेल्या तपासणीत तो सापडणार नाही.

विडीचा प्रश्न वेगळा आणि, माझ्या मते, अधिक दुर्लक्षित आहे. तंबाखूतील निकोटिन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. तंबाखू कधीही तोंडात न घातलेल्या कामगारांच्या लघवीतही निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीन संशोधकांना आढळले आहे. काम घरातच चालत असल्याने ती धूळ स्वयंपाकात आणि पाळण्यातल्या बाळापर्यंतही जाते. विडीवरील उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला आणि कामगार कल्याणाचा तो हक्काचा झरा आटला. त्यामुळे आता निदान माहिती तरी हाताशी असली पाहिजे.

अभ्यास करताना एका चकव्याकडे लक्ष द्यावे लागेल. आज शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसांचीच तपासणी केली, तर निष्कर्ष बरे येतील, कारण ज्याला दम लागू लागला तो माग सोडून केव्हाच वॉचमनकी करू लागलेला असतो किंवा भाजीची गाडी लावून बसलेला असतो. म्हणून काम सोडलेल्यांपर्यंतही पोहोचावे लागेल, आणि त्यासाठी पुन्हा त्या केसपेपरकडेच यावे लागते. सध्या काय काम करता, आधी कोणते केले आणि किती वर्षे, एवढी तीन उत्तरे प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात लिहून घेतली, तर वर्षभरात शहराचे बरेचसे चित्र समोर येईल. प्रश्न विचारणाऱ्याला तेलुगू यायला हवे, काही वस्त्यांत उर्दू आणि कन्नडही. छापील मराठी प्रश्नावली पुढे केली की बायका मान डोलावतात आणि ‘काही त्रास नाही’ असे लिहिले जाते.

हे काम करू शकणाऱ्या संस्था हाताशी आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय लागतातच. मोजणीची पद्धत आणि प्रशिक्षण यांसाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. ती १९६६ पासून याच विषयावर काम करते. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मोजणीची उपकरणे आणि माणसे द्यावीत. छोट्या मागमालकांवर याचा खर्च टाकू नये, कारण त्यांतले पुष्कळ जण स्वतःच मागावर उभे राहतात आणि त्यांचे कानही कामगारांइतकेच गेलेले असतात. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातून मागांच्या आधुनिकीकरणाला मदत देताना नव्या मागाचा आवाज मोजून घेण्याची अट घातली, तरी पुष्कळ साधेल.

दोन अटी मात्र आधीच मान्य व्हाव्यात. एकेका कामगाराचा अहवाल फक्त त्याच्या हातात द्यावा, मालकाकडे जाऊ नये. नाही तर ‘ऐकू कमी येते’ असा शेरा मिळालेला माणूस पुढच्या आठवड्यात घरी बसेल, आणि त्यानंतर कोणी तपासणीला येणार नाही. एकत्रित निष्कर्ष मात्र जाहीर करावेत. दुसरे असे की, बिसिनोसिस आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा हे दोन्ही आजार १९४८ च्या कारखाना कायद्यात अधिसूचित होते आणि नव्या संहितेतही आहेत. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने निरीक्षकाला कळवणे बंधनकारक आहे. निदान नोंदवण्याचे हे बंधन शहरातील खासगी डॉक्टरांना त्यांच्या संघटनेमार्फत पुन्हा एकदा लेखी कळवावे, आणि जिल्ह्यातून वर्षभरात अशा किती सूचना आल्या, तो आकडा संचालनालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावा.

महापालिकेच्या दवाखान्यांचे केसपेपर नव्याने छापायला जातील, तेव्हा तीन रकाने वाढवण्याचा निर्णय आरोग्य विभागाला आपल्या पातळीवर घेता येईल. तो घ्यावा, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका, सोलापूर